नाश्त्याशिवाय दोन खोल्या

“नाश्त्यासकट की नाश्त्याशिवाय?”

स्वारगेटजवळच्या हॉटेल पांथसुखच्या मॅनेजरने वर न बघता विचारलं. प्रश्न साधा होता. एखाद्या सरळ माणसाने ‘सकट’ म्हटलं असतं आणि घरी जाऊन निवांत झोपला असता. पण समोर मुनव्वरभाई उभे होते.

“नाश्त्याचे किती?”

“माणशी दीडशे. इडली, उपमा, ब्रेड-बटर, चहा. पोटभर.”

“पोट कोणाचं धरलंय?”

मॅनेजरने आता वर पाहिलं.

मुनव्वरभाई स्वारगेटच्या एस.टी. स्थानकावरून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. सारा जन्म लोकांना प्रवासाला लावण्यात गेला आणि त्यातून त्यांनी एकच सिद्धान्त काढला होता, की प्रवासात माणूस लुटला जातो तो सकाळी. रात्री तो सावध असतो, पाकीट उशीखाली घेऊन झोपतो. सकाळी मात्र तोंड धुऊन, भांग पाडून खाली येतो आणि वाडगाभर उपम्याला मुकाट दीडशे रुपये मोजतो. या सिद्धान्तापायी त्यांच्या पत्नी रझियाभाभींनी अजमेरपासून म्हैसूरपर्यंत एकाही हॉटेलची नाश्त्याची खोली आतून पाहिलेली नव्हती. थोर विचारांची किंमत बहुधा घरच्यांनाच मोजावी लागते.

पण या वेळचा मुक्काम मुनव्वरभाईंचा नव्हता. मिरजेहून मैनुद्दीनसाहेब, त्यांच्या पत्नी मेहरुन आणि मुलगा इम्तियाज येणार होते. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, कर्वेनगरच्या घरी, इम्तियाज आणि मुनव्वरभाईंची मुलगी जैनब यांच्या लग्नाची बात पक्की व्हायची होती. मुनव्वरभाईंच्या घरात जेमतेम दोन खोल्या, म्हणून ही हॉटेलची सोय. जैनबने आधीची सगळी स्थळं चहा निवायच्या आत नाकारली होती. इम्तियाजशी मात्र ती तासभर बोलली आणि घरी येऊन म्हणाली, “चालेल.” पुण्यात वाढलेल्या मुलीने ‘चालेल’ म्हणायचं म्हणजे आनंदाची परमावधीच. ते ऐकून रझियाभाभींनी त्या रात्री डोळे पुसले होते.

“नाश्त्याशिवाय,” मुनव्वरभाई म्हणाले. “नाश्ता माझ्या घरून येईल.”

हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, की मागे उभं असलेलं गिऱ्हाईक एक पाऊल सरकलं. मॅनेजर फक्त हसला. त्या हसण्याकडे तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं.

घरी ही बातमी सांगितल्यावर रझियाभाभींनी आधी गॅस बंद केला. महत्त्वाचं बोलायचं असलं की त्या गॅस बंद करत.

“अहो, आपल्याला मुलीचं लग्न ठरवायचंय, की हॉटेलवाल्याला धडा शिकवायचाय?”

“एकाच फेरीत दोन्ही होत असेल तर वेगळी गाडी कशाला सोडायची?”

“पाहुणे काय म्हणतील?”

“घरचं गरम खायला मिळालं म्हणतील. त्यांना वाटेल, केवढी ही आपुलकी.”

जैनब दारात उभी राहून ऐकत होती. ती वडिलांना ओळखून होती. “अब्बा,” ती म्हणाली, “उद्याचा दिवस माझ्यासाठी एक करा. काही वाचवू नका.” आणि आत निघून गेली. ते वाक्य मुनव्वरभाईंना कुठेतरी लागलं. पण सिद्धान्ती माणसाला लागलं तरी तो वळत नाही, फक्त थोडा अस्वस्थ होतो. त्या संध्याकाळपासून ते जे अस्वस्थ झाले ते झालेच.

रझियाभाभींनी खिमा-पाव करायचं ठरवलं. त्यांच्या हातचा खिमा म्हणजे अर्ध्या स्वारगेट डेपोची दुखरी आठवण. निवृत्तीनंतर मुनव्वरभाईंपेक्षा त्यांच्या डब्याची आठवण जास्त निघते, असं मागाहून कळलं होतं. मांसाला मसाला लावून झाला, आणि मग जैनबने आतून विचारलं, “हॉटेल शाकाहारी आहे ना?” होतं. दारावर हातभर लांबीची पाटी होती. मुनव्वरभाईंनी ती पाहिलीच नव्हती, कारण ते दरपत्रक पाहत होते. खिमा उद्या दुपारच्या जेवणात गेला. रझियाभाभींनी शिऱ्यासाठी रवा ज्या जोरात भाजला त्यावरून मुनव्वरभाईंना काय ते समजलं.

नुसता शिरा कसा द्यायचा, म्हणून गोष्ट वरच्या मजल्यावर गेली. वर दीनानाथ राहत. ते महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, म्हणजे न मागता फक्त सल्ला पुरवायची सवय. हॉटेलच्या नाश्त्याबाबत त्यांचा सिद्धान्त बरोबर उलटा होता.

“मुनव्वरभाई, तुम्ही चुकलात. नाश्ता घ्यायचाच. पण असा घ्यायचा, की दुपारचं जेवण त्यातच सुटलं पाहिजे. आम्ही म्हैसूरला काय केलं? मी दोनदा बसलो. एकदा चष्मा लावून, एकदा चष्म्याशिवाय. आणि हिच्या पर्समधले मेदुवडे उटीपर्यंत पुरले.”

“पर्सला अजून वास येतो,” प्रेमलाताई आतून म्हणाल्या. “पोहे मी करून देते. पण थंड पोहे माझ्या नावावर खपवायचे नाहीत. कढईतून उतरले की अर्ध्या तासात बशीत.”

“मीही येतो बरोबर,” दीनानाथ म्हणाले. “तिथे बोलायला कोणीतरी हवं.”

मुनव्वरभाईंनी नको म्हणायला हवं होतं. पण ज्याच्या घरचे पोहे त्याला नको कसं म्हणायचं?

पाहुणे रात्री उतरले. मेहरुनभाभी हसतमुख, इम्तियाज लाजरा. मैनुद्दीनसाहेब मात्र भिंतीसारखे उभे. तानपुऱ्यांच्या तारा जुळवण्यात आयुष्य गेलेला माणूस. त्यांना ऐकायची सवय होती, बोलायची नव्हती. मुनव्वरभाईंनी प्रवासाची चौकशी केली, मिरजेच्या पावसाची केली, गाडीच्या चालकाची नावानिशी केली. मैनुद्दीनसाहेबांनी तिन्हींना मिळून एकदा मान हलवली. “सकाळी आठला गरमागरम नाश्ता घेऊन हजर होतो,” असं सांगून मुनव्वरभाई परतले आणि रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. ती मान होकाराची होती की नुसती?

पहाटेच ते उठले. घड्याळ पाहिलं, गॅलरीत गेले, पुन्हा घड्याळ पाहिलं. चहाचा थर्मास उघडून हुंगला. वर जाऊन दीनानाथांच्या दाराला कान लावला. साताला निघायचं ठरलं होतं, आणि साताला दीनानाथांची अंघोळ सुरू झाली. मग पूजा. मग प्रेमलाताईंच्या लक्षात आलं, की घरातली कोथिंबीर पिवळी पडली आहे.

“कोथिंबिरीवाचून काय अडतंय?” मुनव्वरभाई म्हणाले.

“मिरजेची माणसं म्हणतील, पुण्यात कोथिंबीर मिळत नाही वाटतं,” प्रेमलाताई म्हणाल्या. दीनानाथांनी खुंटीवरची पिशवी काढली.

शेवटी पोह्याचं पातेलं टॉवेलात गुंडाळून, शिऱ्याचा डबा रझियाभाभींच्या मांडीवर आणि थर्मास मुनव्वरभाईंच्या कुशीत अशी रिक्षा निघाली. दीनानाथ पुढे, अर्धे रिक्षात आणि अर्धे बाहेर. वाट वाकडी करून रिक्षा मंडईत नेली. तिथे दीनानाथांनी कोथिंबिरीच्या जुड्या अशा निरखल्या, की जणू त्यांनाच जावई करून घ्यायचं होतं. मुनव्वरभाई रिक्षाभोवती फेऱ्या मारत होते. उभ्या आयुष्यात त्यांनी एखादी गाडी पाच मिनिटं उशिरा सुटली तर चालकाला उभं करून कारण विचारलं होतं. आज तेच सव्वा तास उशिरा धावत होते आणि कारण होतं कोथिंबीर. हे कुठल्या तोंडाने सांगणार?

पांथसुखच्या दारात पोचले तेव्हा साडेनऊ होत आले होते. दारातल्या पहारेकऱ्याने पातेल्याकडे पाहिलं आणि बोटाने भिंत दाखवली. तिथे लिहिलं होतं: ‘बाहेरील खाद्यपदार्थ आत आणू नयेत. ही सूचना सर्वांसाठी आहे. “आम्ही सोडून” असे कोणी नसते.’

“काल तुम्ही हे बोलला नाहीत,” मुनव्वरभाई मॅनेजरला म्हणाले.

“काल तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही म्हणालात, नाश्ता घरून येईल. तो आला. पण आत येईल असं मी कुठे म्हणालो?”

मुनव्वरभाईंना हा माणूस मनातून आवडला असता, पण ती वेळ नव्हती. ते तोंड उघडणार एवढ्यात दीनानाथ पुढे झाले. बोलायला कोणीतरी हवं होतं ना.

“अहो, वर पेशंट आहे. पथ्याचं आहे हे. आजारी माणसाच्या डब्याला कुठलंही हॉटेल अडवत नाही, मला नियम माहीत आहेत.”

“पेशंट?” मॅनेजरने खोलीचा फोन उचलला. “मॅडम, खाली तुमच्या पेशंटचा डबा आलाय. पथ्याचा.”

मिनिटभरात मेहरुनभाभी पदर सावरत जिन्याने खाली आल्या. मागून इम्तियाज, आणि त्याच्या मागे मैनुद्दीनसाहेब, एकेक पायरी मोजल्यासारखे.

“कोण आजारी आहे?” मेहरुनभाभींनी विचारलं. “जैनबला काही आहे का?”

“नाही नाही. कोणालाच काही नाही,” मुनव्वरभाई म्हणाले.

“मग पथ्य कसलं?”

“पथ्य नाही. पोहे आहेत.”

मेहरुनभाभींच्या चेहऱ्यावरचं रात्रीचं हसू आता कुठेच नव्हतं. मुलाच्या आईच्या मनात आजाराचा शब्द एकदा पडला, की तो निघता निघत नाही. रझियाभाभींनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत तीस वर्षं हॉटेलच्या नाश्त्याऐवजी खाल्लेला घरचा चिवडा होता, आणि त्यामागे साधी भीतीही होती. जैनब घरी नवीन ड्रेस घालून बसली होती. हे स्थळ मोडलं तर ती रडणार नाही, भांडणार नाही. “चालेल” म्हणेल, आणि ते ऐकवणार नाही.

त्या भीतीनेच मुनव्वरभाईंना पुढची कल्पना सुचली. मोठ्या संकटात माणूस आपल्या राज्याकडे धाव घेतो.

“चला,” ते म्हणाले. “या असल्या ठिकाणी बसायचंच नाही. माझ्याबरोबर चला.”

अशा रीतीने पुण्यातल्या एका प्रतिष्ठित कुटुंबाचे होणारे व्याही, हातात काही नाही आणि पुढे पातेलं, अशा थाटात स्वारगेटचा चौक ओलांडते झाले. दोन सिग्नल लागले. पोहे टॉवेलात निवत होते, आणि मुनव्वरभाई दर दहा पावलांनी पातेल्याला हात लावून पाहत होते.

एस.टी. स्थानकावर मच्छिंद्र ड्यूटीवर होता. कधीकाळी मुनव्वरभाईंच्या हाताखाली शिकलेला, आता स्वतः नियंत्रक. आपल्या साहेबांना सहकुटुंब, सपातेलं आलेलं पाहून तो उठून उभा राहिला. “साहेब, तुमचीच खुर्ची हाय. बसा निवांत,” असं म्हणून त्याने केबिनच्या खिडकीखालचं बाक पुसून दिलं. तेवढ्यात फलाटावर दोन गाड्या एकमेकींना अडून उभ्या राहिल्या, तशी शिट्टी घेऊन तो तिकडे धावला.

पाहुणे बाकावर बसले. दीनानाथांनी कोथिंबीर भुरभुरली आणि तिच्यापायी किती उशीर झाला तेही सांगून टाकलं. बार्शीला निघालेल्या काही बायका बशांकडे टक लावून उभ्या राहिल्या. मेहरुनभाभी पोहे चिमटीचिमटीने खात होत्या, इम्तियाज घास नुसता फिरवत होता. मैनुद्दीनसाहेब मात्र एकेक घास असा गिळत होते, की पाहणाऱ्याला शिक्षा भोगतायत असं वाटावं.

मुनव्वरभाईंना ते बघवेना. ते केबिनमध्ये जाऊन खुर्चीत बसले. मागोमाग रझियाभाभी आल्या आणि दार लोटून घेतलं. इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या खुर्चीत बसून काहीही बोलायचं तर आधी डाव्या हाताने बटण दाबायचं आणि मग तोंड उघडायचं, अशी मुनव्वरभाईंच्या शरीराला सवय लागली होती. निवृत्तीनंतरही कित्येक महिने घरी भाजी मागताना त्यांचा डावा हात ताटाशेजारी दाबला जायचा. आज तर समोर खरंच बटण होतं.

“त्यांचे चेहरे पाहिलेत?” रझियाभाभी म्हणाल्या.

“पाहिले.” बटण दाबलं गेलं. “पण तू माझंही ऐक. माणशी दीडशे रुपये म्हणत होता तो. उपम्याला! दिले असते तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं.”

“आता नाही का काढणार?”

“व्याह्यांना काय कळतंय? त्यांना वाटतंय आपुलकीने केलं.”

“शिरा मी केला, पोहे प्रेमलाताईंनी केले. तुम्ही फक्त हिशेब केलात. लेकीच्या लग्नातसुद्धा.” त्यांनी दार पुन्हा नीट लोटलं. “काल ती काय म्हणाली तुम्हाला? काही वाचवू नका. एवढंच मागितलं होतं पोरीने.”

मुनव्वरभाईंनी उजव्या हाताने टेबलावरचं वेळापत्रक सरळ केलं. मग हळूच म्हणाले, “रझिया, मला रात्रभर झोप नाही. आयुष्यभर साऱ्या गावाच्या गाड्या वेळेवर सोडल्या, आणि हिची एकच गाडी सोडायची तर ती माझ्या हातून सुटत नाहीये. ती गेली की घरात बोलायला कोण आहे मला? सगळं घरचं द्यावंसं वाटलं. ते पैशाचं मी नेहमीसारखं बोलून गेलो.”

बाहेर काहीतरी चुकलं होतं. स्वारगेटला कधीच नसते ती शांतता पसरली होती. मुनव्वरभाईंनी खिडकीतून पाहिलं. बार्शीच्या बायका, सोलापूरचे प्रवासी, शिट्टी तोंडात धरलेला मच्छिंद्र, सगळे वर घोषणांच्या भोंग्याकडे आणि मग केबिनकडे पाहत होते. मग त्यांनी आपला डावा हात पाहिला.

दार उघडलं. आत मैनुद्दीनसाहेब आले. हातात पोह्यांची रिकामी बशी होती. त्यांनी भोंग्याच्या दिशेने मान वर केली आणि कालपासूनचं पहिलं वाक्य बोलले.

“भोंगा फाटलाय. वरचा सूर चिरकतो.”

“जी,” मुनव्वरभाई म्हणाले. हात अजून बटणावरच होता.

“आम्ही सकाळी साडेआठपर्यंत वाट पाहिली,” मैनुद्दीनसाहेब म्हणाले. “मला भूक निघत नाही. खाली जाऊन तिघांनी तिथला नाश्ता घेतला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. ही म्हणाली, त्यांनी एवढं आणलंय तर पुन्हा खायचं. खाल्लं.”

हे सगळं भोंग्यातून साऱ्या स्थानकाला ऐकू जात होतं. बाकावर मेहरुनभाभींनी पदर तोंडाला लावला.

“कसा होता?” मुनव्वरभाईंच्या तोंडून निघून गेलं. रझियाभाभींनी कपाळाला हात लावला. लेकीचं लग्न पणाला लागलं असताना हा माणूस हेच विचारणार.

मैनुद्दीनसाहेबांनी वेळ घेतला. तारेवर बोट ठेवल्यावर घेत असतील तसा.

“ऐनवेळी घेतला म्हणून माणशी पावणेदोनशे लावले. इडली कालची होती.” ते थांबले. “मी आयुष्यात हॉटेलचा नाश्ता कधी घेत नाही. आज तुमच्या कोथिंबिरीने घ्यायला लावला.”

मुनव्वरभाई खुर्चीतून उठले. या विशाल जगात त्यांच्या सिद्धान्ताला दुसरा माणूस मिळाला होता, आणि तो मिरजेत राहत होता.

“मग… आपलं अकराचं?” त्यांनी विचारलं.

“आपल्या घरी बोलायला माणूस राहणार नाही म्हणालात,” मैनुद्दीनसाहेब म्हणाले. “मला बोलता येत नाही. पण ऐकता चांगलं येतं. येत जा मिरजेला. बात पक्की समजा.”

बार्शीच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारा मोठ्याने विचारत होता, की कालची इडली कुठल्या हॉटेलात देतात. दीनानाथ त्याला पत्ता सांगायला निघाले होते, त्यांना इम्तियाजने मागे ओढलं. मच्छिंद्र धावत आला, साहेबांचा हात बटणावरून काढून त्याने तिथे स्वतःचा ठेवला आणि गाड्या पुन्हा सुरू केल्या.

रझियाभाभी मंडळींना आणि दीनानाथांना घेऊन दोन रिक्षांनी पुढे गेल्या. मुनव्वरभाई पाहुण्यांच्या बॅगा घ्यायला मागे राहिले. एकटे झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की पहाटेपासून आपल्या पोटात काही नाही. पातेलं पाहिलं. रिकामं. शिऱ्याचा डबा बार्शीच्या बायकांनी पुसून दिला होता.

पांथसुखमध्ये नाश्ता आवरायची वेळ झाली होती. मॅनेजरने बॅगा दिल्या आणि विचारलं, “तुम्ही नाश्त्यासकट की नाश्त्याशिवाय?”

मुनव्वरभाईंनी दाराकडे पाहिलं. ओळखीचं कोणी नव्हतं.

“सकट,” ते म्हणाले.

इडली खरोखरच कालची होती. उपम्याला चव अशी नव्हतीच. दुसऱ्या इडलीला जैनबचा फोन आला.

“अब्बा, अम्मी आत्ताच पोचली. रडतेय आणि हसतेय, नीट सांगत नाहीये. तुम्ही काही वाचवलंत का?”

“नाही बेटा,” मुनव्वरभाई म्हणाले. “काहीच वाचलं नाही.”

“मग ठीक आहे,” जैनब म्हणाली. “चालेल. लवकर या.”

फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले, आणि तिसरी इडली वाढून घेतली. पैसे दिले होते ना.